धम्मप्रियाच्या नावावरचे दोनशे चौदा फेरफार

धम्मप्रिया सरवदेला स्वस्थ बसता येत नाही. चहा ती उभ्यानेच पिते, तोही अर्धा. आमच्या कुंभारीच्या कोपऱ्यावर चिंचोळी एमआयडीसीची बस पावणेसातला येते. ही साडेसहापासून तिथे येरझाऱ्या घालते आणि दर मिनिटाला रस्त्यावर वाकून बघते, जशी काही तिने वाकल्याने बस लवकर येणार आहे. वय चौतीस. बी.कॉम., वर कॉम्प्युटरचे दोन कोर्स. लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल विचारणाऱ्याला ती जे उत्तर देते ते मी इथे लिहिणार नाही.

मी तिची शेजारीण. जिल्हा परिषदेत सांख्यिकी सहायक म्हणून एकतीस वर्षं काढली, त्यामुळे आकड्यांचं मला वावडं नाही आणि गोलगोल बोलण्याचं आहे. मुलगी काय काम करते असं कुणी विचारलं की तिची आई मनकर्णाबाई सांगतात, "कॉम्प्युटरवर असती." मला असलं उत्तर पुरत नाही. मी धम्मप्रियाला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तिचा कारखाना टॉवेलांचा. मागे मोठं गोदाम, त्यात लोखंडी मांडण्या, मांडणीला खण. प्रत्येक खणाला नाव: बी-सात, बी-आठ, असं. एका खणात वीस गठ्ठे मावतात. माल बाहेर काढायचा असला की सॉफ्टवेअर वर्क ऑर्डर काढतं: बी-सातमधून वीस गठ्ठे घ्या, दार क्रमांक दोनला न्या. हमालाच्या हातात एक स्कॅनर असतो. तो खणावरची पट्टी स्कॅन करतो, किती काढले ते दाबतो, माल दाराशी नेऊन तिथली पट्टी स्कॅन करतो. वर्क ऑर्डर पुरी. कॉम्प्युटरच्या लेखी बी-सात आता रिकामा.

आणि पुरी झाली नाही तर? तर ती अडकते. ना पुढे जाते, ना रद्द होते. स्क्रीनवर लाल पट्टी येते, गाडीवाला हॉर्न वाजवतो आणि सगळे धम्मप्रियाच्या काचेच्या केबिनकडे बघतात. अडकलेली वर्क ऑर्डर सोडवणं, हे तिचं काम.

सात महिन्यांपूर्वी हे सॉफ्टवेअर आलं आणि तेव्हापासून दोन प्रकारच्या लाल पट्ट्या येत राहिल्या. भरलेल्या खणात माल कमी निघायचा. आणि रिकाम्या खणात नवा माल ठेवायला गेलं की आत आधीच माल असायचा. धम्मप्रिया काय करायची? गाडी खोळंबलेली, साहेब डोक्यावर. ती आकडा दुरुस्त करायची. इथे उणे दोन, तिथे अधिक एक. त्याला फेरफार म्हणतात, आणि प्रत्येक फेरफारापुढे करणाऱ्याचं नाव आपोआप छापलं जातं.

शुक्रवारी दुपारी गोदामाचे मॅनेजर हिंदुराव साहेब यांनी एक मेल पाठवला. विषय: 'संशयास्पद फेरफार – धम्मप्रिया सरवदे'. आत लिहिलं होतं की सात महिन्यांत दोनशे चौदा फेरफार झाले, सगळे एकाच नावावर, आणि हिशेबाअंती एक्केचाळीस गठ्ठे कमी आहेत. मंगळवारी हेड ऑफिसची माणसं येतील, तोपर्यंत खुलासा द्यावा, अन्यथा पुढील कारवाई. मेल धम्मप्रियाला होता. प्रत अकरा जणांना.

ती संध्याकाळी घरी आली ती चप्पल न काढताच माझ्याकडे. फोन पुढे केला.

"वाच, मावशी."

वाचलं. "सरळ चोर म्हटलंय की गं."

"म्हटलेलं नाहीये. म्हणजे उलटं बोलायलाही जागा नाही."

मनकर्णाबाई मागोमाग आल्या होत्या. त्यांनी तीस वर्षं विड्या वळल्या. दिलेल्या पानाच्या वजनात विड्या कमी भरल्या की कारखान्यातला तपासनीस चारचौघींत त्यांची पिशवी झटकायला लावायचा. मेलमध्ये काय आहे ते मी त्यांना समजावलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे पिशवीच झटकली की हिची बी." आणि आत गेल्या.

शनिवारी धम्मप्रियाने पुण्याला फोन लावला. सॉफ्टवेअरवाल्यांचा अजिंक्य नावाचा मुलगा अडचणी सोडवतो, किंवा तशी त्याची नेमणूक आहे.

"मॅम, स्कॅनर रीस्टार्ट केले का?"

"सात महिन्यांत सत्तर वेळा केले."

"मग यूजर एरर असणार, मॅम. सिस्टिम लॉजिकली बरोबर आहे."

"कुठला यूजर? कुठला एरर?"

"ते तुम्हाला तुमच्या एन्डला बघावं लागेल."

मग तिने खणांची मोजणी करून घेतली. मोजणीची यादी सॉफ्टवेअरच छापून देतं. गोदामातल्या दोघा कारकुनांनी दिवसभर मोजलं. एक्केचाळीस कमी ते कमीच.

रविवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे फेरफार छापून घेऊन बसली. बसली म्हणजे अर्धी खुर्चीवर, एक पाय सारखा हलतोय, टेबलावरचा पाण्याचा तांब्या थरथरतोय. मी म्हटलं, पाय तरी थांबव. पाय थांबला आणि पेनचं टोपण वाजायला लागलं.

"उणे एकीकडे, अधिक दुसरीकडे कर," मी म्हटलं. "तारखा नंतर बघू."

तिने उणे वाचले. चौऱ्याऐंशी नोंदी: दोन, एक, चार, दोन, तीन, सगळं विस्कळीत. बेरीज एकशे एकाहत्तर.

"आता अधिक वाच."

"अधिक एक. अधिक एक. अधिक एक. अधिक एक."

"पुढे चल."

"पुढेही एकच आहे, मावशी."

"अगं, त्याच्या पुढे."

"एक. एक. एक." ती पानं उलटत गेली. "एकशे तीस नोंदी आहेत. एकूण एक अधिक एकच."

मी आयुष्यभर लोकांनी चुकीचे भरलेले तक्ते तपासले आहेत. चूक कधी एवढी शिस्तीची नसते. कधी दोन चुकतात, कधी पाच, कधी शून्य राहून जातं. एकशे तीस वेळा नेमका एक? हे कुणीतरी करत होतं, आणि जाणूनबुजून करत होतं.

"चोरच असेल तर," धम्मप्रिया उभी राहिली, "तो माल नेईल. आत एक ठेवून कशाला जाईल?"

"अधिक एक कधी सापडला?"

"रिकाम्या खणात नवा माल ठेवायला गेल्यावर. तेव्हाच." तिने कपाळावर हात मारला. "मावशी, मोजणीच्या यादीत रिकामे खण येतच नाहीत! कॉम्प्युटर ज्याला रिकामा म्हणतो तो खण काल कुणी उघडून बघितलेलाच नाही."

तिला तेव्हाच्या तेव्हा चिंचोळीला जायचं होतं. रविवार, गोदामाला कुलूप, पहारेकरी आत सोडायचा नाही, हे मला तिला तीनदा सांगावं लागलं. ती संध्याकाळपर्यंत अंगणात चालत होती. शेवटी मी खिडकी लावून घेतली. बघून मलाच दम लागला.

सोमवारी ती बसमधून उतरली ती केबिनमध्ये गेलीच नाही. शिडी ओढली, बी-सातला लावली, वर चढली, मोबाइलचा उजेड आत टाकला. खणाच्या पार मागे, पत्र्याला टेकून, एक गठ्ठा होता. विसरलेला वाटत नव्हता. कडा सरळ, वरची घडी नीट. कुणीतरी बसवून ठेवलेला. बी-आठमध्ये तसाच एक. बी-नऊमध्येही.

"ए पोरी, पडशील की! तितं काय हुडकतीस?"

खाली कल्लप्पा उभे होते. वळसंगचे, हमालांचे मुकादम, गोदामात बावीस वर्षं. धम्मप्रिया जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच घोळक्यात डबा खाते. शेंगाची चटणी त्यांची, कांदा हिचा, असा रोजचा ठराव.

"मामा, बी-सातमध्ये गठ्ठा कसा?"

"कसा म्हंजे? ठिवलाय."

"कुणी?"

"मीच की."

"का पण?"

कल्लप्पांनी तिच्याकडे असं बघितलं की ही शिकलेली पोरगी असून काय विचारते. "खण मोकळा करत्यात व्हय कुटं?"

ती शिडीवरच बसली. कल्लप्पा सांगत गेले. त्यांच्या घरी ज्वारीची कणगी तळाला खरवडत नाहीत. घरातलं धान्य कधी पुरतं संपू नये म्हणून मूठभर राहते, नवी ज्वारी तिच्यावर पडते. आई तसं करायची, सासू तसं करायची. गोदाम म्हणजे तरी काय, कणगीच की, मोठी. म्हणून खण उपसताना ते आणि त्यांची चार माणसं आत एक गठ्ठा ठेवतात आणि तेवढा शेजारच्या खणातून घेतात.

"माल त्योच की. गाडीत वीस जायाचं तर वीसच जात्यात. बावीस वर्सांत एक गाडी कमी गेली व्हय? दाकव."

"आणि मशीनवर काय दाबता?"

"मशीन इचारतंय किती काडलं. वीस काडलं. वीस दाबतो. खोटं कशाला दाबू?"

आता हिशेब बघा. बी-सातमध्ये एक ठेवला, तो बी-आठमधून भरला. बी-आठमध्ये एक ठेवला, तर आता बी-नऊमधून दोन घ्यायला लागले. पुढे तीन, पुढे चार. ओळीच्या टोकाशी शेजारी खणच नाही, तिथे वर्क ऑर्डर अडकणार, आणि तिथे उणे. मागे प्रत्येक खणात एक उरलेला, तो नवा माल आला की सापडणार, आणि तिथे अधिक. पूर्वीच्या रजिस्टरात अख्ख्या ओळीचा एकच आकडा लिहायचे, त्यामुळे बावीस वर्षं कुणाला काही कळलं नाही आणि कुणाचं काही बिघडलंही नाही. सॉफ्टवेअरने खण खण वेगळा केला आणि मूठ उघडी पडली.

"सात महिने मी डोकं फोडून घेतेय, मामा! मला सांगायचंत तरी."

"तू इचारलंस कुटं? तू त्या काचंच्या खोलीतनं माईकवर वरडायचीस, 'बी-बारात कमी का?' म्या म्हनलं, असंल हितंच कुटंतरी. हितंच हाय की!"

मागे उभा असलेला एक हमाल फसकन हसला. धम्मप्रियाला हसू आलं नाही. ती खाली उतरली.

"मामा, या गठ्ठ्यांपायी मला चोर ठरवलंय. अकरा लोकांना लिहून कळवलंय. उद्या हेड ऑफिसची माणसं येणार आहेत."

कल्लप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. हमालांना मेल कोण पाठवतो? त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तुला?" म्हणाले. मग माणसांकडे वळून ओरडले, "बगता काय? शिड्या आना!"

दुपारपर्यंत कॉम्प्युटरने रिकामे म्हटलेले सगळे खण उघडून झाले. प्रत्येकात एक. धम्मप्रिया कागदावर रेघा मारत होती. पस्तीस. अडतीस. चाळीस. आणि खण संपले.

चाळीसच. एक कमी.

पुन्हा बघितलं. चाळीसच. मला हे सांगताना ती म्हणाली, तेवढा अर्धा तास सगळ्यात वाईट गेला. कारण चाळीस सापडून एक सापडला नाही की लोक म्हणतात, बघा, एक तरी नेलाच. ती दारांच्या मागे बघत होती, टेम्पोखाली बघत होती. शेवटी कल्लप्पांनीच विचारलं, "ई-चार बगितला?"

"ई-चार बंद आहे, मामा."

"बंद तू केलाईस. खांब वाकला म्हून. पर त्येच्या आदी मी एक ठिवलावता."

ई-चार तिनेच मे महिन्यात सॉफ्टवेअरमध्ये बंद केला होता, त्यामुळे तो रिकाम्यांच्या यादीतही नव्हता. पत्रा बाजूला करून हात घातला. एक्केचाळीस.

आता खरी अडचण. हिशेब जुळवायचा तर हे सगळे खण खरोखर रिकामे करायला हवेत. आणि कल्लप्पांची माणसं हात लावायला तयार नाहीत. मोजायला तयार, दाखवायला तयार, काढायला नाही. धम्मप्रियाच्या घरात असलं काही पाळत नाहीत, आणि ती ते लपवतही नाही.

"मी हे मानत नाही, मामा. मीच काढते सगळे."

"तू काड. पर उद्या आमी परत ठिवनार. तवा काय करशील?"

हा प्रश्न खरा होता. ती मांडण्यांच्या मधून एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "घर एक आहे ना, मामा? मग मूठ एकच."

"कणग्या चार असल्या तर चारीत ठिवत्यात."

"पण हे खण म्हणजे कणग्या नाहीत. कणगी हे अख्खं गोदाम. तुम्हीच म्हणालात मघाशी."

कल्लप्पांनी हनुवटी खाजवली. स्वतःचाच शब्द आडवा आला की माणूस जरा वेळ घेतो. "येकच ठिवायचा तर त्यो कुनी हलवायचा न्हाय. गाडी किती बी अडू दे."

"सिस्टिमच हलवू देणार नाही. मी वेगळा खण तयार करते, झेड-एक. त्यातून माल काढायची वर्क ऑर्डर निघणारच नाही असं लावते. हेड ऑफिसचा मालक आला तरी निघणार नाही."

"मशीन नगं म्हनंल?"

"मशीन लाल पट्टी दाखवेल."

हे कल्लप्पांना पटलं. देवाधर्माचं नाही, लाल पट्टीचं पटलं. सात महिने त्या पट्टीनेच त्यांना छळलं होतं. त्यांनी दाराच्या उजव्या हाताची जागा निवडली, एक गठ्ठा स्वतः तिथे मांडला आणि उरलेले चाळीस उतरवायला सुरुवात केली. पाचपर्यंत काम झालं. धम्मप्रियाने निघण्याआधी विचारलं, "उद्या मला तुमचं नाव सांगावं लागेल, मामा. चालेल?"

"सांग की. चोरी हाय व्हय?"

त्या संध्याकाळी तिने आईला हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, काय एकेकाच्या समजुती. मनकर्णाबाई म्हणाल्या, "तांदळाचा डबा धुताना मी बी मूठभर वाटीत काडून ठिवते की." "ते मानतेस म्हणून?" "मानायचं काय त्यात? सवय हाय."

मंगळवारच्या बैठकीत हेड ऑफिसचे दोघे, हिंदुराव साहेब, भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचा अजिंक्य. धम्मप्रियाने कागद मांडले आणि सगळं सांगितलं. कल्लप्पा बोलावण्याची वाट न बघता दारात येऊन उभे होते.

"हे असलं चालणार नाही, कल्लप्पा," हिंदुराव म्हणाले. "कारखान्यात अंधश्रद्धा?"

"साहेब, तुमच्या घरी पिटाचा डबा तळापातुर झाडून ठिवत्यात व्हय?"

हिंदुरावांनी पाण्याचा पेला उचलला. हेड ऑफिसमधला एकजण खाली बघून हसला.

"मी म्हटलंच होतं ना, यूजर एरर," पडद्यावरून अजिंक्य म्हणाला.

"रिकामा खण मोजणीच्या यादीत येत नाही, ही यादी कुणी बनवली?" धम्मप्रियाने विचारलं. "ती यादी नीट असती तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. त्याला कुठला एरर म्हणतात तेवढं सांगा."

अजिंक्य म्हणाला, तो नोंद करून घेतो.

"चला," हिंदुरावांनी फाइल मिटली. "मिटलं. एक्केचाळीस सापडले, छान झालं. आता सगळे कामाला लागा."

सगळे उठले. धम्मप्रिया बसून राहिली. जी मुलगी चहासुद्धा बसून पीत नाही, ती बसून राहिली.

"साहेब, मेल."

"कसला मेल?"

"शुक्रवारचा. अकरा जणांना गेलेला."

"अगं, मिटलं म्हटलं ना. कोण लक्षात ठेवतंय?"

"मी ठेवतेय."

हिंदुरावांनी घड्याळाकडे बघितलं, हेड ऑफिसच्या माणसांकडे बघितलं. ती हलली नाही. मग त्यांनी लॅपटॉप ओढला आणि टाइप केलं: 'सदर विषय बंद करण्यात येत आहे.' स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"विषय बंद नाही, साहेब. मी माल नेला नव्हता असं लिहा. माझं नाव घालून. तिथं नाव होतं ना विषयात? तसंच विषयात."

"फार ताणतेस तू."

"लिहा."

त्यांनी लिहिलं. एका वाक्यात. तिने ते वाचलं, आडनावातलं एक अक्षर दुरुस्त करायला लावलं आणि म्हणाली, "पाठवा." त्याच अकरा जणांना प्रत गेली की नाही ते नाव नाव मोजून बघितलं आणि मगच उठली.

घरी येऊन तिने आईला वाक्य वाचून दाखवलं. मनकर्णाबाईंनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "त्या अकरा जनांनी वाचलं का पर?"

"गेलंय त्यांना."

"गेलंय ते झालं. वाचलं का?"

मला वाटलं, आता ही आईवर चिडणार. चिडली नाही. दुसऱ्या दिवशी बसच्या कोपऱ्यावर, येरझाऱ्या घालत, तिने यादीतलं पहिलं नाव काढून फोन लावला. "नमस्कार, मी धम्मप्रिया सरवदे, चिंचोळीच्या गोदामातून. काल हिंदुराव साहेबांचा मेल आलाय, तो तुम्ही उघडलात का? नाही? मग आत्ता उघडा, मी फोनवर थांबते."

आज शुक्रवार. नऊ जणांनी वाचलाय. दोघे फोन उचलत नाहीत, त्यातला एक रजेवर आहे म्हणे. तो सोमवारी येतो. तिने विचारून ठेवलंय.